इंडक्शनबद्दल दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाबा मला सारखे विचारतात ते प्रश्न

मी कर्वेनगरला घरीच फिजिक्स शिकवते, दहावी आणि बारावी दोन्ही. सोसायटीतलीच मुलं जास्त, त्यामुळे मॅडम वगैरे कोणी म्हणत नाही, सगळ्यांची मी काकूच. दरवर्षी हा धडा आला की तेच प्रश्न येतात, कधी मुलांकडून, कधी रात्री साडेदहाला एखाद्या आईच्या मेसेजमधून, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी नीट लिहून काढावं. पुस्तकात याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात, सेमी इंग्लिशची मुलं इंडक्शन म्हणतात, मी दोन्ही वापरणार आहे, गोष्ट एकच आहे.

काकू, एका वाक्यात सांगा ना, इंडक्शन म्हणजे काय?

कॉइलमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, जाणाऱ्या चुंबकीय बलरेषा कमीजास्त झाल्या की कॉइलच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं, आणि सर्किट पूर्ण असेल तर करंट वाहतो. एवढंच आहे. पण या वाक्यातला "कमीजास्त झाल्या" हा भाग मुलं वाचताना सोडून देतात आणि "चुंबकामुळे वीज तयार होते" एवढंच डोक्यात ठेवतात, आणि मग पुढचं सगळं गडबडतं. नुसत्या चुंबकामुळे काही होत नाही. बदल हवा.

म्हणजे चुंबक कॉइलच्या आत नुसतं ठेवून दिलं तर काहीच येणार नाही? कितीही पॉवरफुल असलं तरी?

नाही येणार. जगातलं सगळ्यात तगडं चुंबक आणून ठेवलंत आणि ते हललंच नाही तर गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे बारीकसा करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर. आणि शर्टाच्या खिशाला लागतं तसलं साधं चुंबक भराभर आतबाहेर केलंत तर काटा डावीउजवीकडे नाचणार.

हे तुम्हाला पटकन पटत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, कारण त्या काळच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हे दिसलं नव्हतं. १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग साहजिकच सगळे उलटं शोधायला लागले की चुंबकापासून वीज मिळते का. जिनिव्हाच्या कोलादोनची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतेच. १८२५ मध्ये त्याने कॉइल घेतली, मोठं चुंबक घेतलं, आणि चुंबकाचा थेट परिणाम मीटरच्या सुईवर होऊ नये म्हणून मीटर लांब दुसऱ्या खोलीत ठेवला, लांब तारा जोडल्या. किती काळजीपूर्वक काम, बघा. मग चुंबक कॉइलमध्ये घातलं आणि चालत दुसऱ्या खोलीत मीटर बघायला गेला. तोपर्यंत सुई हलून परत जागेवर आलेली! शोध त्याच्या हातात होता आणि तो दोन खोल्यांच्या मधे राहिला. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी त्याच्यासाठी हळहळ वाटते.

मग फॅरेडेला कसं दिसलं?

मायकल फॅरेडे लोहाराचा मुलगा, जन्म १७९१, शाळा फारशी नाही, बुकबाइंडरकडे कामाला होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. २९ ऑगस्ट १८३१ ला त्याने एका लोखंडी कड्यावर समोरासमोर दोन कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी, दुसरीच्या तारेजवळ चुंबकसुई. बॅटरी जोडली की सुई हलायची आणि लगेच थांबायची, बॅटरी काढली की परत हलायची, पण उलटीकडे. मधल्या वेळात बॅटरी चालू असून सुई गप्प. कड्याच्या प्रयोगात त्याच्या नजरेला पडलं ते हेच, की जोडताना आणि तोडतानाच काहीतरी होतंय. मग १७ ऑक्टोबरला त्याने नुसतं चुंबक कॉइलमध्ये ढकललं आणि ओढलं आणि तेच मिळालं. अमेरिकेत जोसेफ हेन्रीलाही साधारण त्याच काळात स्वतंत्रपणे हे सापडलं होतं, पण फॅरेडेने आधी जाहीर केलं. हेन्रीचं नाव इंडक्टन्सच्या युनिटला दिलंय, बारावीवाल्यांना माहीतच आहे.

फ्लक्स ही काय भानगड आहे? डोक्यावरून जाते.

उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालतो ना, कुरडया-पापड, ते डोळ्यापुढे आणा. एका ताटावर किती ऊन पडतंय हे कशावर ठरतं? ऊन किती कडक आहे, ताट किती मोठं आहे, आणि ताट उन्हाला कसं धरलंय. समोर धरलं तर पूर्ण ऊन, कडेवर उभं केलं तर जवळजवळ काहीच नाही. फ्लक्स, म्हणजे कॉइलमधून जाणाऱ्या एकूण बलरेषा, अगदी असाच आहे, उन्हाच्या जागी चुंबकीय क्षेत्र आणि ताटाच्या जागी कॉइलचं वेटोळं. क्षेत्राची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ गुणिले कोनाचा कोसाइन. तीव्रता टेस्लामध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, फ्लक्स वेबरमध्ये.

आता या तीनपैकी काहीही बदललं की फ्लक्स बदलतो, म्हणजे इंडक्शन होतं. चुंबक जवळ आणलं तर तीव्रता बदलली. कॉइल दाबून चपटी केली तर क्षेत्रफळ बदललं. कॉइल फिरवली तर कोन बदलला, आणि जनरेटर म्हणजे हे तिसरंच. परीक्षेत "प्रवर्तित विद्युतधारा मिळवण्याच्या पद्धती सांगा" आलं की पाठ केलेली यादी आठवत बसण्यापेक्षा ताट आठवा.

फक्त कोनाबद्दल एक सांगते, सूत्रातला कोन हा कॉइलच्या प्रतलाशी नसतो, प्रतलावर काढलेल्या लंबाशी असतो. बारावीची निम्मी मुलं इथे साइन-कोसाइनची अदलाबदल करतात.

चुंबक हलवायचं का कॉइल? कोणतं बरोबर?

दोन्ही. एकमेकांच्या सापेक्ष हलले की झालं. दोन्ही एकत्र त्याच वेगाने त्याच दिशेला नेले तर काहीच येणार नाही. हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाहीये बरं का, आइन्स्टाइनचा १९०५ चा सापेक्षतेवरचा शोधनिबंध सुरूच होतो तो चुंबक आणि वाहक यांच्यापैकी कोण हलतंय या विचाराने.

लेंझचा नियम पाठ आहे पण समजला नाही. व्होल्टेजच्या सूत्रात फ्लक्स बदलण्याच्या दराआधी ते उणे चिन्ह कशाला?

नियम असा आहे की प्रवर्तित करंटची दिशा नेहमी अशी असते की ती ज्या बदलामुळे तयार झाली त्या बदलालाच विरोध करते. लेंझने हे १८३४ मध्ये मांडलं. उत्तर ध्रुव कॉइलकडे न्या, कॉइलची समोरची बाजू उत्तर ध्रुव बनते आणि ढकलते. तोच ध्रुव मागे ओढा, समोरची बाजू दक्षिण ध्रुव बनते आणि धरून ठेवायला बघते. येताना येऊ देत नाही आणि जाताना जाऊ देत नाही.

का असं? समजा उलटं असतं. म्हणजे चुंबक जरासं पुढे ढकललं आणि कॉइलने त्याला अजून आत ओढलं असतं, मग वेग वाढला असता, करंट वाढला असता, ओढ अजून वाढली असती, आणि बोटभर धक्क्यात फुकटची वीज मिळत राहिली असती. ऊर्जा अशी फुकट मिळत नाही. ते उणे चिन्ह म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे, दुसरं काही नाही.

मला हे पुस्तकातून नाही समजलं, सायकलवरून समजलं. मी शाळेत असताना पुण्यात सगळे सायकलवर, आणि संध्याकाळी दिवा लावायचा तर डायनामो टायरला टेकवायचा, ती छोटी बाटलीसारखी डबी, ६ व्होल्ट ३ वॅटची. टेकवला रे टेकवला की पेडल जड. क्लासहून येताना चढावर तर अगदी नको व्हायचं आणि मी डायनामो काढून अंधारात जायचे, आई रागवायची. मला वाटायचं टायरला घासतो म्हणून जड होतं. थोडं घासण्याचं असतंच, पण एकदा दिव्याची वायर तुटलेली होती आणि डायनामो टेकवलेला असूनही सायकल बरीच हलकी चालत होती. वायर जोडली, परत जड. घासणं तर तेवढंच होतं! जड होत होतं ते करंट वाहत होता म्हणून. दिव्यातला प्रकाश माझ्या पायांतून जात होता. हे कळलं त्या दिवसापासून लेंझ मला कधी पाठ करावा लागला नाही.

आता डायनामो कुठे मिळणार? मुलांना हे हाताला कसं जाणवून द्यायचं?

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत तर जुना डायनामो अजूनही कधीकधी सापडतो. पण सोपा उपाय म्हणजे तपकीर गल्लीतून पिवळी गिअर मोटर आणा, रोबोटच्या चाकांना लावतात ती, स्वस्त असते. तिचा दांडा हाताने फिरवा, सहज फिरेल. आता तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून फिरवा. लगेच जड. वायरी सोडा, हलकी. मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ना ते बघायलाच मी दरवर्षी हा प्रयोग करते.

दोन मोटरी आणल्यात तर अजून मजा. दोघींच्या वायरी जोडा, एक हाताने फिरवा, दुसरी आपोआप फिरायला लागते. मोटर आणि जनरेटर ही एकच वस्तू दोन बाजूंनी वापरलेली असते हे त्यातून दिसतं. आपली मेट्रो ब्रेक लावते तेव्हा हेच होतं, चाकांना फिरवणारी मोटर ब्रेकच्या वेळी जनरेटरसारखी चालते, गाडी मंदावते आणि वीज परत जाते.

घरी कॉइल बनवून एलईडी लावायचाय. काय काय आणायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, सविस्तर सांगते.

वायर: मोटार रिवायंडिंगच्या दुकानात किंवा तपकीर गल्लीत वाइंडिंग वायर मागा, तांब्याची, इनॅमलची, ३२ गेज. ती वजनावर मिळते. साधी प्लास्टिकची वायर नको, तिचे ५०० वेढे बसतच नाहीत. एक इंची पाइपच्या तुकड्यावर ५०० वेढे घ्यायचे म्हणजे साधारण ५० मीटर वायर लागते, वजन ३० ग्रॅमच्या आत, रेझिस्टन्स १५ ओहमच्या आसपास. ५० ग्रॅम घेतलीत की पुष्कळ.

चुंबक: निओडिमियमच्या चकत्या, २ सेंटिमीटर व्यासाच्या, तीन-चार एकावर एक. काळी फेराइट चुंबकं चालतात पण कमजोर पडतात. निओडिमियम घरात लहान मूल असेल तर अजिबात हाताशी ठेवू नका, गिळलं तर आतड्यात चिकटून जिवावर बेततं, आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून लांब. हे मी मुलांना वायरच्या आधी सांगते.

एलईडी: लाल घ्या, दोन घ्या. पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालला २ च्या आतबाहेर. दोन्ही एकमेकांना उलट जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. मग चुंबक आत जाताना एक लागतो आणि बाहेर येताना दुसरा. पुस्तकातली "करंटची दिशा बदलते" ही ओळ डोळ्यांनी दिसते.

पाइपच्या मधोमध ५०० वेढे घट्ट आणि एकाच दिशेने, चुंबक पाइपमध्ये, दोन्ही टोकांना बूच किंवा टेप, आणि जोरात हलवा. हे सगळं फक्त एलईडीपुरतं, कॉइलच्या वायरी घरातल्या प्लगला कधीही, कशासाठीही लावायच्या नाहीत.

केलं काकू, पण लागत नाहीये!

दहापैकी आठ वेळा इनॅमल खरवडलेलं नसतं. त्या वायरवर वार्निशसारखा थर असतो, दिसत नाही, म्हणून मुलांना वाटतं उघडंच तांबं आहे. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. उरलेल्या दोन वेळा चुंबक हळू हलवलेलं असतं.

हळू हलवल्याने काय बिघडतं ते आकड्यात बघू. चकतीची त्रिज्या १ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३ चौरस सेंटिमीटर, तीव्रता ०.३ टेस्ला धरली तर फ्लक्स ०.०००१ वेबर. ५०० वेढे. हा फ्लक्स ०.१ सेकंदात शून्यापासून पूर्ण झाला तर व्होल्टेज ५०० गुणिले ०.०००१ भागिले ०.१, म्हणजे अर्धा व्होल्ट. एलईडी ढिम्म. तेच चुंबक ०.०२ सेकंदात गेलं तर अडीच व्होल्ट, आणि लख्ख लागला. चुंबक तेच, कॉइल तीच, फक्त वेग पाचपट. हे गणित एकदा हाताने केलं की "प्रवर्तित विभवांतर फ्लक्स बदलण्याच्या दराशी समानुपाती असतं" हे वाक्य रट्टा मारायची गरज राहत नाही.

मल्टिमीटर लावून बघणार असाल तर डिजिटल मीटर इथे फसवतो, तो सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि आपला झटका त्याच्या मधेच होऊन जातो, काट्याचा मीटर मिळाला तर तो वापरा.

डावा हात कुठे आणि उजवा हात कुठे?

फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मोटरसाठी, उजव्या हाताचा जनरेटरसाठी. दोन्हीत तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट म्हणजे विद्युतधारा, अंगठा म्हणजे हालचाल, मोटरमध्ये तारेवरचं बल आणि जनरेटरमध्ये आपण तारेला दिलेली गती. मी मुलांना सांगते की प्रसाद आपण उजव्या हाताने घेतो, म्हणून जिथे वीज मिळते तिथे उजवा. एका मुलीने सांगितलं की परीक्षेत पेपर लिहिताना उजव्या हातात पेन असतं म्हणून ती नकळत सगळीकडे डावा हात वापरत होती, तेव्हा पेन खाली ठेवा आणि मग बोटं धरा. साधी गोष्ट आहे पण मार्क जातात.

जनरेटरच्या ग्राफमध्ये फ्लक्स शून्य असताना व्होल्टेज सगळ्यात जास्त कसं? हे चुकीचं छापलंय ना?

बरोबर छापलंय. झोपाळ्यावर बसा. झोपाळा टोकाला जातो तेव्हा मधल्या जागेपासून सगळ्यात लांब असतो पण त्या क्षणी वेग शून्य. मधोमध येतो तेव्हा अंतर शून्य आणि वेग सगळ्यात जास्त, पोटात गोळा येतो तो तिथेच. फ्लक्स म्हणजे झोपाळ्याची जागा, व्होल्टेज म्हणजे त्याचा वेग. कॉइल बलरेषांना आडवी असते तेव्हा फ्लक्स भरपूर पण क्षणभर बदलतच नाही, आणि कॉइल बलरेषांना समांतर होते तेव्हा फ्लक्स शून्य पण सगळ्यात भराभर बदलतोय.

यातूनच एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारा करंट, येतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदात १०० वेळा दिशा बदलते. एसी जनरेटरला दोन पूर्ण कडी, डीसीला, म्हणजे एकाच दिशेच्या करंटला, एकच कडं पण मधून दुभंगलेलं, एवढाच आकृतीतला फरक, आणि तो नीट काढा.

आपल्या पुण्यात येणारी वीज अशाच कॉइल फिरवून येते?

सोलर पॅनेल सोडले तर हो. फिरवणारं कोण ते वेगळं. कोयनेला धरणाचं पाणी फिरवतं, सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून केलेली वाफ. पानशेतला फिरायला जाता ना, तिथेही धरणाच्या पाण्यावर छोटं वीजकेंद्र आहे. आणि मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन टर्बाइनवर सोडतात. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह झाला होता. सहलीला बस ताम्हिणीकडे निघाली की मी हे मुलांना सांगते, कारण धड्यातल्या आकृतीत फक्त कॉइल आणि चुंबक दिसतं, पाणी कोणाच्या शेतावर साठलं ते दिसत नाही.

मोठ्या जनरेटरमध्ये बहुतेक वेळा चुंबक फिरतं आणि कॉइल बाहेर स्थिर असते, पुस्तकातल्या आकृतीच्या उलट. सायकलच्या डायनामोतही तसंच.

ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही?

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवतो किंवा उतरवतो, आणि त्यासाठी बदल लागतो. डीसीत बदल नाही. परत तेच. पहिल्या कॉइलमध्ये करंट बदलला पाहिजे, तर लोखंडी गाभ्यातला फ्लक्स बदलणार, तर दुसऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज येणार. फॅरेडेचं २९ ऑगस्टचं कडं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच होता, बॅटरीवर चालवलेला, म्हणून तर सुई फक्त जोडता-तोडताना हलायची. डीसी लावून ठेवलात तर दुसरीकडे काही येत नाही आणि पहिली कॉइल तापून जळू शकते.

पण एवढा खटाटोप कशाला, थेट २३० व्होल्टच आणावेत ना तिकडून?

तारांमध्ये वाया जाणारी वीज करंटच्या वर्गावर अवलंबून असते. १० किलोवॅट २३० व्होल्टने पाठवायची तर ४३ अँपिअर लागतात, ११,००० व्होल्टने पाठवली तर एक अँपिअरही नाही. त्याच तारेत वाया जाणारी वीज सुमारे २,३०० पट कमी. म्हणून ११,००० व्होल्ट तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, येतात आणि तिथे उतरवले जातात. डीपीजवळून जाताना हूं असा आवाज येतो तो गाभ्याचं लोखंड सेकंदाला १०० वेळा किंचित ताणलं-आखडलं जातं त्याचा. लांबूनच ऐका, कुंपणात बॉल गेला तर बॉल सोडून द्या, महावितरणला फोन करा.

इंडक्शन शेगडीत इंडक्शन आहे का नुसतं नाव?

आहे, शंभर टक्के. काचेखाली चपटी कॉइल, तिच्यात सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त वेळा बदलणारा करंट, त्यामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे करंट फिरतात आणि बूड स्वतःच तापतं. शेगडी तापत नाही, काच गरम लागते ती भांड्यामुळे.

बिडाचा तवा तिच्यावर झकास चालतो. अ‍ॅल्युमिनियमचं मोदकपात्र नाही चालत, कारण अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला ओढत नाही आणि त्याचा रेझिस्टन्स फार कमी, त्यामुळे हवी तेवढी उष्णता होत नाही आणि शेगडी भांडंच नाही असं समजून बंद होते. खरेदीला जाताना फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाका, बुडाला चिकटलं तर घ्या.

हेच भोवऱ्यासारखे करंट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात नको असतात, म्हणून तो गाभा अखंड न ठेवता एकमेकांपासून इन्सुलेट केलेल्या पातळ पत्र्यांचा करतात.

तांब्याच्या पाइपातून चुंबक हळू पडतं तो व्हिडिओ खरा आहे का?

खरा आहे, करून बघा. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे तांब्याच्या पाइपाचा सरळ तुकडा मिळतो, त्यात सैल बसेल असं निओडिमियम चुंबक घ्या. एक मीटर उंचीवरून एखादी वस्तू पडायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो, पाइपातून हेच चुंबक काही सेकंद घेतं, वरून डोकावलं तर सावकाश उतरताना दिसतं. आधी मुलांना दाखवा की तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग प्लास्टिकच्या पाइपातून सोडा, धपकन पडेल, मग तांब्याच्या. हाच क्रम ठेवा, नाहीतर मुलं म्हणतात चिकटत चिकटत येतंय. मुळात हा लेंझच आहे. आणि चुंबक पाइपात मधेच थांबून का राहत नाही असं कोणी विचारलं तर त्या मुलाला शाबासकी द्या. थांबलं तर बदल थांबला, करंट गेला, विरोध गेला, परत पडायला लागणार.

पंख्याचं बटण बंद करताना ठिणगी दिसते, घाबरायचं का?

बारीकशी असेल तर तो सेल्फ इंडक्शन आहे. पंख्यात कॉइल आहे, करंट अचानक तोडला की कॉइल तो चालू ठेवायला बघते आणि बटणाच्या फटीत क्षणभर मोठं व्होल्टेज येतं. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, तीही कॉइलच, याच झटक्यावर ट्यूब पेटवायचा. ठिणगी मोठी असेल, चरचर आवाज येत असेल किंवा बटण गरम लागत असेल तर मात्र ते फिजिक्स नाही, वायरमनला बोलवा.

सारखं हलवून चुंबकातली शक्ती संपते का?

नाही. वीज चुंबकातून निघत नाही, तुमच्या हाताच्या कष्टातून निघते. चुंबक आपटल्याने आणि तापल्याने कमजोर होतं, साधं निओडिमियम ८० अंशांच्या वर नेऊ नका.

पोराला हे सगळं बघायला कुठे नेऊ?

विद्यापीठाच्या आवारात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवायचं काम केलं, मोटर आणि डायनामोचीसुद्धा आहेत. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

वायर गुंडाळताना गुंता झाला. सगळी फेकून द्यायची?

नका फेकू, तांबं महाग आहे. आणि ओढू नका, ओढलं की पीळ बसून तुटते. रीळ पेन्सिलवर घालून दोन पुस्तकांच्या मधे आडवं ठेवा म्हणजे ते आपोआप फिरत वायर सोडतं, एकाने पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने वेढे मोजायचे, दर पन्नासला कागदावर एक रेघ. मधेच तुटली तर दोन्ही टोकं खरवडा, पीळ द्या, वर टेपचा तुकडा लावा आणि त्याच दिशेने पुढे चालू ठेवा. दिशा उलटली तर नंतरचे वेढे आधीच्यांचं व्होल्टेज खाऊन टाकतात, म्हणून तुटली की आधी पाइपवर पेनाने बाण काढा आणि मग वायर जोडा.